नावापुढची बाई

आज नामस्मरण करायचं आहे, पण देवाचं नव्हे. काही बायकांची नावं घ्यायची आहेत, एकेक करून, सावकाश. त्यांत डॉक्टर आहेत, गाणाऱ्या आहेत, एक शेतात राबलेली कवयित्री आहे, एक बालवाडीच्या बाई, एक बियाणं राखणारी, एक तमाशाच्या फडावर उभी राहिलेली. काळ वेगळा, गाव वेगळं, जात वेगळी. यांतल्या काहींच्या घरी दुसरीच्या हातचं पाणीही चाललं नसतं. सगळ्यांना जोडणारी गोष्ट एकच, नावापुढे लागलेलं ‘बाई’.

बसा. मांडीच घालायला हवी असं नाही. फोन उपडा ठेवा. एक नाव वाचून झालं की लगेच दुसऱ्यावर जाऊ नका. शाळेत पाठ केलेली सनावळी आठवेल, पुतळे आणि टपाल तिकिटं आठवतील. येतील ती येऊ द्यात, पण तिथे रेंगाळू नका. त्या बाईने स्वतःच्या हातांनी नेमकं काय केलं, एवढंच शोधायचं. एक काम डोळ्यांसमोर उभं राहीपर्यंत नाव सोडायचं नाही.

पहिली दोन नावं जोडीने घ्या. आनंदीबाई आणि रखमाबाई.

रखमाबाई २२ नोव्हेंबर १८६४ ला मुंबईत जन्मल्या. आनंदीबाई ३१ मार्च १८६५ च्या, माहेर कल्याणचं. अंतर जेमतेम चार महिन्यांचं. एकाच शाळेत असत्या तर दोघी एकाच इयत्तेत असत्या.

आनंदीबाई मूळच्या यमुना. नवव्या वर्षी लग्न झालं, नाव बदललं. चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. १८८३ साली त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या, नवऱ्याशिवाय. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात शिकल्या आणि ११ मार्च १८८६ ला डॉक्टर झाल्या. पदवीसाठी त्यांनी प्रबंध लिहिला. विषय होता प्राचीन हिंदूंचं प्रसूतिशास्त्र. इथे थांबा. हाताने केलेलं काम हवं होतं ना, ते हे. परक्या देशात, परक्या भाषेत, विशीतली एक मुलगी बाळंतपणाविषयी पानांमागून पानं लिहिते आहे. स्वतःच्या बाळाला दहा दिवसांपलीकडे जी सांभाळू शकली नाही, ती बाळ आणि आई कशी वाचवावी याची टाचणं काढते आहे. त्या पानांत तिच्या बाळाचा उल्लेख शोधायची गरज नाही. विषय तिने निवडला, तेवढं पुरे.

कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळात स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी त्यांची वाट पाहत होती. त्या परतल्या त्या क्षय घेऊनच. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. बावीस पूर्ण व्हायला महिना बाकी होता. नवऱ्याने, गोपाळरावांनी, रक्षा अमेरिकेत कार्पेंटरबाईंकडे पाठवली. ज्या घराने आनंदीबाईंना लेकीसारखं ठेवून घेतलं होतं, त्या घराच्या दफनभूमीत, न्यूयॉर्क राज्यातल्या पॉकीप्सी गावी, ती आजही आहे.

आता रखमाबाई. अकराव्या वर्षी लग्न झालं, पण त्या आईकडेच राहिल्या, वाचत राहिल्या. दादाजी भिकाजी यांनी १८८४ साली कोर्टात दावा लावला, बायको नांदायला यावी म्हणून. पहिल्या न्यायाधीशांनी दावा फेटाळला. अपिलात तो उलटला. आनंदीबाई जाऊन आठवडा होतो न होतो, तोच १८८७ च्या मार्चमध्ये मुंबईत निकाल लागला: नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंग चालेल.

तुरुंगात जावं लागलं नाही. १८८८ साली दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. पुढे लंडनला जाऊन त्या डॉक्टर झाल्या. सुरत आणि मग राजकोट, तीन दशकांहून अधिक काळ त्यांनी बायकांचे दवाखाने चालवले. आनंदीबाईंना जो दिवस एकदाही मिळाला नाही, तो रखमाबाईंना हजारो वेळा मिळाला. सकाळी दवाखान्यात जायचं, हात धुवायचे, पुढची बाई तपासायची. १९५५ साली, नव्वदी ओलांडल्यावर त्या गेल्या.

दोन्ही नावं आता शेजारी ठेवा आणि स्वतःला एक प्रश्न विचारा. १८८७ च्या त्या वसंतात तुम्ही पुण्यात वर्तमानपत्र वाचत बसला असता, तर कुणासाठी हळहळला असता? उत्तर देण्याआधी हे लक्षात घ्या की आनंदीबाईंच्या मृत्यूने कळवळलेल्या ‘केसरी’ने रखमाबाईंवर मात्र टीकेची झोड उठवली होती. एकीला नवऱ्याने शिकायला पाठवलं होतं, दुसरीने नवऱ्याला नाही म्हटलं होतं. एक गेली होती, दुसरी जिवंत होती आणि बोलत होती. गेलेल्या बाईचा मोठेपणा मान्य करायला फारसं काही लागत नाही. समोर उभी असलेली, न ऐकणारी बाई मोठी आहे हे कळायला वेळ लागतो. आपल्या आसपास, अगदी नात्यातसुद्धा, अशी कोण आहे? चेहरा येईल. आला की पुढे चला.

पुढे जाण्यापूर्वी रखमाबाईंची आणखी एक गोष्ट. १९०४ साली दादाजी वारले. त्यानंतर रखमाबाई विधवेचं पांढरं लुगडं नेसू लागल्या. ज्याच्या घरी जायचं नाही म्हणून तुरुंग पत्करायची तयारी केली, त्याच्या नावाने पांढरं नेसल्या. याचा अर्थ लावायला बसू नका. माणूस आपल्या मताला पुरून उरतो, इतकंच नोंदवा.

आता बहिणाबाई.

जन्म १८८० चा, खानदेशातलं असोदे. शाळा नाही, अक्षरओळख नाही. काम शोधायला फार लांब जावं लागत नाही, जातं समोरच आहे. डाव्या हाताने मुठीमुठीने दाणे घालायचे, उजव्या हाताने खुंटा फिरवायचा. पाळूचा आवाज एका लयीत चालतो आणि त्या लयीवर ओळ येते. ती लिहून ठेवायची सोय नाही. पीठ डब्यात भरलं जातं, ओळ हवेत जाते. दुसऱ्या दिवशी पुन्हा दळण, पुन्हा ओळी. अशा किती गेल्या असतील.

ज्या राहिल्या, त्या मुलामुळे. सोपानदेव स्वतः कवी. त्यांनी आणि एका मावसभावाने कानावर पडलेलं उतरवून घेतलं. बहिणाबाई ३ डिसेंबर १९५१ ला गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली पुस्तक निघालं. आपल्या ओळी छापलेल्या त्यांनी पाहिल्या नाहीत. पाहिल्या असत्या तरी वाचता आल्या नसत्या. २०१८ पासून जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. सही करता न येणाऱ्या बाईचं नाव आज हजारो मुलामुलींच्या पदवीवर छापलं जातं.

इथे जरा जास्त वेळ थांबा. तुमच्या आजीच्या, पणजीच्या तोंडी काय होतं, ते आठवा. एखादी म्हण, कोडं, झोपवतानाचं गाणं, कुणाला लावलेला टोमणा. शेजारी उतरवून घेणारा कुणी बसला होता का?

बहिणाबाईंच्या पाठोपाठ राहीबाई घ्या, राहीबाई पोपेरे. अकोले तालुक्यातलं कोंभाळणे, महादेव कोळी समाज, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. नातू आजारी पडू लागला तेव्हा औषधं मारलेल्या भाजीवर त्यांचा संशय गेला आणि त्या गावरान बियाणं जमवू लागल्या. वाल, घेवडे, भात, भाज्या. बी वाळवायचं, राखेत घोळायचं म्हणजे कीड लागत नाही, मडक्यात भरायचं, तोंड लिंपून टाकायचं. दुसऱ्याला देताना अट एकच, पीक आलं की बी परत करायचं, घेतलं त्याच्या दुप्पट. २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. पुरस्काराचं चित्र बाजूला ठेवा, राखेने माखलेले हात बघा. पावसाआधी हे काम असंख्य घरांतल्या बायका करत आल्या. कुणी त्याला काम म्हटलं नव्हतं.

पुढचं नाव बहुतेकांना पटकन आठवणार नाही: सरस्वतीबाई फाळके.

सिनेमासाठी नवऱ्याने, दादासाहेबांनी, कॅमेरा आणला, यंत्रं आणली. त्या काळी कोरी फिल्म कडांना भोकं न पाडताच येई आणि त्या भोकांशिवाय ती कॅमेऱ्यात सरकत नसे. भोकं पाडायची ती अंधारात, कारण उजेड लागला की फिल्म खराब. ते काम सरस्वतीबाईंनी केलं. दिवसा मंडळींचा स्वयंपाक, चित्रीकरणाच्या वेळी उन्हात पांढऱ्या चादरी धरून उभं राहायचं, आणि रात्री अंधाऱ्या खोलीत बोटांच्या अंदाजाने एकेक भोक. डोळे मिटा आणि तो अंधार मिनिटभर सहन करा. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ च्या मे महिन्यात लोकांसमोर आला. त्यात तारामतीचं काम अण्णा साळुंके या पुरुषाने केलं, कारण कॅमेऱ्यासमोर यायला बाई मिळेना. त्याच वर्षीच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची लहानगी मुलगी कमलाबाई उभ्या राहिल्या. पडद्यावर आलेल्या बाईची तारीख इतिहासाने लिहून ठेवली. तिच्याही आधी अंधारात भोकं पाडत बसलेल्या बाईची तारीख लिहिण्याचं कुणाला सुचलं नाही, कारण ती घरचीच.

आता ताराबाई मोडक.

शाळेतल्या बाई म्हटलं की आपल्याला फळा आणि छडी आठवते. ताराबाईंनी दोन्ही बाजूला ठेवलं. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचे प्रयोग केले, १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला. शहरातल्या मुलांची सोय झाली, आणि मग त्यांना खेड्यातली मुलं दिसू लागली. १९४५ साली त्या डहाणूजवळ बोर्डीला आल्या, पुढे कोसबाडच्या टेकडीवर. सोबत अनुताई वाघ.

तिथे शाळा उघडली तरी वारली पोरं येईनात. कशी येतील? कुणाच्या कडेवर धाकटं भावंड, कुणाकडे गुरं राखायचं काम. ताराबाईंनी पोरांना दोष दिला नाही. शाळा उचलली आणि पाड्यावरच्या अंगणात नेली. तिला अंगणवाडी म्हणू लागले. गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणात नेली, ती कुरणशाळा. महागडी साधनं परवडत नव्हती, तेव्हा शिंपले, गोटे, बिया, पानं घेऊन मोजायला, रंग ओळखायला शिकवलं. ते बघा: जमिनीवर बसलेल्या पन्नाशीतल्या बाई, समोर चिंचोक्यांची रास, आणि शिकताशिकता एक डोळा शेळ्यांवर ठेवून असलेलं पोर. कुणी त्याला म्हणत नाही, इकडे लक्ष दे.

ताराबाई १९७३ ला गेल्या. दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला, केंद्र सरकारची बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेलं. ज्यांना आपण बोलावतो आणि जे येत नाहीत, अशी माणसं तुमच्याही आयुष्यात असतील. त्यांच्या कडेवर काय आहे, हे कधी पाहिलंय का? घाई नाही, विचार करा.

केसरबाई केरकर.

गोव्यातलं केरी, १८९२. कलावंत घराण्यातली मुलगी. इथे ‘बाई’चा रंग बदलतो, तो नजरेआड करू नका. बैठकीत ‘बाईंचं गाणं’ ठेवायचं, दाद द्यायची, बिदागी द्यायची. पण त्याच बाईला घरातल्या बायकांच्या पंगतीत बसवायचं नाही. केसरबाईंनी हे सगळं पाहिलं होतं आणि त्या कुणापुढे वाकल्या नाहीत. १९२१ पासून अल्लादिया खाँसाहेबांची तालीम, खाँसाहेब जाईपर्यंत, म्हणजे १९४६ पर्यंत. पंचवीस वर्षं. तीही गाणं येत नव्हतं म्हणून नव्हे. त्या आधीच नावाजलेल्या गायिका होत्या. काम कुठलं बघायचं? सकाळी एकच पलटा घेऊन बसलेल्या केसरबाई. दम पुरत नाही तोवर पुन्हा. समेवर नेमकं उतरत नाही तोवर पुन्हा. ऐकायला कुणी नाही.

१९७७ साली व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी बसवली गेली. जगभरातलं निवडक संगीत तिच्यात आहे आणि भारतातली एकच चीज, केसरबाईंची भैरवी, सुमारे साडेतीन मिनिटांची. दुसरं यान ५ सप्टेंबरला सुटलं. १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. २०१२ साली ते यान सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडलं. आपल्याकडे ही गोष्ट अभिमानाने सांगतात. अभिमान वाटलाच पाहिजे. पण मनन करताना अंतराळाकडे पाहू नका, तो तालमीचा कोपरा पाहा. साडेतीन मिनिटं ताऱ्यांकडे गेली, त्यामागची पंचवीस वर्षं इथेच झिजली.

आणि शेवटचं नाव: विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर.

त्यांची एक गोष्ट महाराष्ट्रभर सांगितली जाते. दिवस भरलेले असताना त्या तमाशात नाचत होत्या. कळा आल्या, कनातीमागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर आल्या. सांगणारा इथे थांबतो, ऐकणारे ‘काय बाई होती!’ म्हणतात. आपण आज ‘काय बाई होती’च्या पुढे जाऊ. त्या रात्री खेळ थांबवता येत नव्हता, तो का? तिकिटं गेलेली असतात. खेळ मोडला की फडावरच्या साऱ्या माणसांची उद्याची भाकरी जाते. सोंगाड्या, ढोलकीवाला, सुरत्ये, सामान लादणारे, सगळे एका बाईच्या पायांवर. बाळंतपणाचीसुद्धा सुटी नाही. आपण ज्याला जिद्द म्हणून टाळ्या देतो, त्यातली जिद्द किती आणि नाइलाज किती, हे टाळ्यांच्या आवाजात ऐकू येत नाही. राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेल्या विठाबाईंचे अखेरचे दिवस हलाखीत गेले. २००२ च्या जानेवारीत त्या वारल्या. आता त्यांच्या नावाने राज्य सरकार जीवनगौरव पुरस्कार देतं.

सगळ्या नावांवरून एकदा परत हात फिरवा: आनंदीबाई, रखमाबाई, बहिणाबाई, राहीबाई, सरस्वतीबाई, ताराबाई, केसरबाई, विठाबाई. प्रत्येक नाव घेताना एकेक काम समोर येतं का? प्रबंध, दवाखाना, जातं, राख, फिल्म, चिंचोके, पलटा, घुंगरू. कुठे अडलं तर तिथे परत जा.

जमलं असेल तर आता एक पाऊल पुढे. या सगळ्यांच्या नावापुढे ‘बाई’ आहे. आपल्या घरांत मात्र एक अशी आहे की तिचं नाव गळून गेलंय आणि नुसती ‘बाई’ उरली आहे. ‘बाई आल्या का?’ ‘आज बाई येणार नाहीत.’ ‘तुमच्याकडे बाई किती घेते?’ फोनमध्ये तिचा नंबर असतो, त्यावरही ‘भांडीवाली बाई’ किंवा ‘पोळीवाल्या बाई’. आदरार्थी बहुवचन कधीकधी असतं, नाव तेवढं नाही. आडनाव, गाव, शाळा कितवीपर्यंत, या तर फार पुढच्या गोष्टी.

कुणाला वाटेल, यांची कुठे तुलना? म्हणून जनाबाई आठवा. गंगाखेडहून पंढरपुरात आलेली, नामदेवांच्या घरी दळण-कांडण, झाडलोट, शेण्या वेचण्याचं काम करणारी. आजच्या भाषेत घरकाम करणारी बाई. सातशे वर्षं झाली, तिचं नाव गेलं नाही. त्याचं कारण असं की अभंगाच्या शेवटी ते तिने स्वतःच घातलं. मालकाच्या नावाशेजारी स्वतःचं नाव, पुन्हा पुन्हा. तिला कुणी ते विचारलं होतं की नाही, देव जाणे. ती विचारण्याची वाट पाहत बसली नाही. बहिणाबाईंच्या बाबतीत मुलाने वही काढली. नाव टिकायला या दोनच वाटा दिसतात: बाईने स्वतः ठासून सांगायचं, नाहीतर शेजारच्याने विचारून लिहून घ्यायचं. पहिली वाट सगळ्यांना परवडत नाही. दुसरी आपल्या हातात आहे.

तेव्हा या बैठकीचा गृहपाठ अगदी छोटा. उद्या नाव विचारा, आडनावासकट, आणि फोनमध्ये तेच लिहा. तिच्या दोन हातांनी तुमच्या घरात रोज काय होतं, ते वरच्या आठ जणींसारखंच डोळ्यांसमोर आणा. मग महिनाअखेरीला पगाराचा हिशेब करायला बसा. ज्या माणसाचं पूर्ण नाव आपल्याला ठाऊक आहे, त्याचे आजारपणातले खाडे कापताना हात जरा अडखळतो. तेवढा अडखळला, तरी आजच्या मननाचं चीज झालं म्हणायचं.